खिडक्या कोण उघडतं?

आमच्या कुरुंद्यात अभ्यासिका बांधायचं ठरलं, तवा सगळ्यात जास्त खूश माझी बहीण झाली. ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करून राहिली व्हती. घरात गोंगाट, म्हणून तिला वसमतला खोली करून राहायचं व्हतं. बाबा म्हणले, गावातच अभ्यासिका होऊन राहिली, मग बाहेर काहून? म्हणजे तिचं समदं त्या एका हॉलवर आलं.

उन्हाळ्यात हॉल किती तापंल, हे आधीच कॉम्प्युटरवर काढून देणारे दोन सल्लागार आले. मी आयटीआय करून घरांचे नकाशे काढतो. म्हणून अभ्यासिकेच्या कमिटीनं मलाच त्यांच्यापुढं बसवलं. कोणाचा हिसाब खरा मानायचा, ते तू सांग म्हणले.

पहिला पुण्याचा. त्यानं पडद्यावर लाल-निळी इमारत गरगर फिरवली. मोठ्या काचेच्या खिडक्या, भर उन्हाळ्यात आत गारवा. "आमचं मॉडेल चुकत नाही," म्हणला. काय आवाज! काय ते हात फिरवणं!

दुसरा परभणीचा, वयस्कर. पुसल्याबिगर बोलंना. आत किती डिग्री राहील म्हणलं, तर तोच उलटा विचारतो, "खिडक्या कोण उघडतं? बंद कोण करतं?" वरून सांगतो, मागं एका गावात मी चुकलो. खिडक्या उघड्या धरून हिसाब केला, पण हळद शिजायच्या दिवसात लोकं धुरानं, धुळीनं खिडक्या लावून बसायचे. तुमी छताखाली उंचावर झरोके ठेवा, गरम हवा वरून निघून जाईल, मग खिडक्या लावल्या तरी चालंल.

तो गेल्यावर मी त्याची नक्कल केली. चष्मा नाकावर घेतला, खोकलो, "खिडक्या कोण उघडतं?" कमिटी पोट धरून हसली. एकजण म्हणला, जो सोताच चुकलो म्हणतो, त्याला काहून घ्यायचं? मला विचारलं, तर मी म्हणलो, पुण्याचा बराबर हाय.

हॉल झाला. फेब्रुवारीपासून चहूकडं हळदीच्या भट्ट्या पेटल्या, खिडक्या लागल्या, आन् आत दम कोंडायला लागला. पुण्याला फोन केला, तर तो म्हणला, मॉडेलमध्ये खिडक्या उघड्या धरल्यात, अहवालात लिहिलंय. खरंच लिहिलेलं व्हतं. त्या दिवशी तो कमिटीपुढं बोलत व्हता तवा अहवाल माझ्या मांडीवरच व्हता, पण मी त्याची बोलायची ढब शिकून राहिलो व्हतो.

बहिणीनं विचारलं, त्यालाच काहून निवडलं?

म्हणलं, लई छान बोलला तो.

"छान तर तूबी बोलतो, दादा. तुला दिला असता का हॉल बांधायला?"

मी बाबांकडं गेलो, म्हणलो, चूक माझी हाय, तिला वसमतला जाऊ द्या. बाबांना वाटलं, मी कोणाची तरी नक्कल करून राहिलो. हसले. मग खरं कळल्यावर म्हणले, गावानं एवढा हॉल बांधला, तुझ्याच म्हणण्यावर बांधला. आता आपलीच पोरगी उठून गेली तर लोकांना काय सांगू?

ती आता पहाटं पाचला जाते. नऊ वाजले की हॉल तापतो, मग पुस्तकं घेऊन घरी येते. तिला आल्याली पाहून आई भाकरीचं पीठ पुढं सरकवते.