बेसच्या जुन्या तारा

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये होता. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तळवड्याच्या आमच्या घरी तो मित्रांबरोबर बेस गिटार वाजवायचा. मागच्या वर्षी तो काविळीने गेला. त्याचे व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहेत. गाणं ऐकू येतं, ड्रम ऐकू येतो, त्याची बोटं हलताना दिसतात. बेस मात्र ऐकू येत नाही. इतका खालचा सूर फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, हे मला तो गेल्यावर कळलं.

तो जुना बेस आम्ही दोघांनी निवडला होता. मी ग्रंथालयात काम करते. सवयीने आठवडाभर वाचून काढलं, लाकूड कोणतं, तारांचा आवाज उचलणारे पिकअप कसे. दुकानात एकेक विचारू लागले तेव्हा तो म्हणाला, "ताई, तोंडी परीक्षा घ्यायला आलीस का? मला वाजवू दे." तीन बेस त्याने पोटाशी धरून पाहिले आणि सगळ्यांत जड तो घेतला.

पुढे तो त्यातलं एकेक बदलत राहिला. घरघर थांबावी म्हणून आतून तांब्याची पट्टी चिकटवली. पिकअप नवे बसवले. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती प्लास्टिकची पट्टी काढून स्वतः घासलेली पितळेची लावली. तारा तेवढ्या बदलल्या नाहीत. "नव्या तारा खणखणतात. मला धप्प पाहिजे," म्हणायचा.

त्याच्याबरोबर गिटार वाजवणारा कुरुळीचा मित्र एकदा आला. "ताई, येत्या गुरुवारी त्याचा बेस वाजवू का? नुसता पडून हाय."

तो आवाज पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून मी लगेच हो म्हटलं, आणि वाद्य नीट असावं म्हणून चिंचवडला दुरुस्तीला नेलं. कारागिराने तारेवर नख फिरवलं.

"पार बसल्यात या. वेटोळ्यांत कुंकू भरलंय, बाई."

दर खंडेनवमीला भाऊ नट आवळायचे पाने, मायक्रोमीटर आणि बेस एकाच पाटावर मांडायचा. हळदकुंकू मी वाहायचे, चारही तारांवर.

"नव्या टाकू? आवाज सुधारेल."

मी वाचलंही तसंच होतं. टाका म्हटलं.

गुरुवारी मित्राने पहिला सूर काढला आणि तो घरभर खणखणला.

"लई भारी झाला, ताई. कसा सुटा बोलतोय." मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात तारांवर ठेवून आवाज थांबवला. "जुन्या कुठं हायत?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं चिंचवडला कारागिराच्या दुकानात गेलो. "मी कापूनच काढतो त्या," कारागीर म्हणाला. "तुकडे त्याच दिवशी भंगारात गेले. सांगायचं तरी."

तेव्हापासून मित्र दर गुरुवारी येतो आणि तासभर बेस वाजवतो. "वाजवून वाजवून बसतील तारा," म्हणतो. खणखण खरंच कमी झाली आहे. पण तो बोटाच्या टोकाने तार ओढतो. भाऊ अंगठ्याच्या मांसल भागाने दाबून सोडायचा. तारा बसतील त्या याच्या हाताने. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

परवा वाजवून झाल्यावर त्याने विचारलं, "आलं का जवळ?"

"थोडंसं," मी म्हटलं. तो पुन्हा वाजवायला लागला.