रामपायलीजवळच्या तळ्यातली जलकुंभी

रोहू मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळत होते. तळ्यावर जलकुंभीचा हिरवा गालिचा, त्यावर जांभळी फुलं. फार देखणं दिसायचं. कुणीतरी हौसेने एक रोप आणून सोडलं होतं म्हणे.

साठच्या दशकात मी बालाघाटला फिशरीज इन्स्पेक्टर होतो. रामपायलीजवळच्या या तळ्यात सीताबाई ढिवरीण आणि तिच्या नवऱ्याने मासे सोडले होते.

सीताबाईने विचारलं, "साहेब, पानी तं भरून हाय. मंग मासे काहून मरून राह्यले?"

मी सांगितलं, "मासे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतात. या पानांनी ऊन अडवलं, म्हणून आतलं शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही. जुनी पानं सडतात, ती उरलेलाही खातात."

बालाघाटला माझ्या वरच्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "दवा मारो, किस्सा खत्म."

"सर, सगळी कुंभी एकदम मेली तर तळ्यातच सडेल. एक मासा उरणार नाही. गुरंही तेच पाणी पितात."

"फिर?"

"हाताने काढू."

"मासे मेले तर जवाब तुम्ही द्यायचा."

"देईन, सर."

सायकलवर परत आलो. गाव पाण्यात उतरलं. बांबूने रेटायचं, दोराने ओढायचं. मुळं लांब, ओझं भयंकर, पायाला जळवा. दुपारी काठावर ढीग झाले. सीताबाईचा नवरा म्हणाला, "हे नाल्यात लोटून देऊ. जाईन वाहून."

"कुठं जाईल?" मी विचारलं.

सीताबाई कंबरभर पाण्यातून ओरडली, "खालतं माह्या बहिणीचं गाव हाय! तिच्या तळ्यात जाईन थे!"

मग ती स्वतःच नाल्याच्या तोंडाशी उभी राहिली. सगळी कुंभी बैलगाडीने उंच पडीक जमिनीवर गेली, तिथे वाळली.

रोहू बरेच गेले. मरळ मासळी वाचली, तिला वरच्या हवेवर जगता येतं, रोहूला नाही. पाणी उघडं पडल्यावर उरलेल्या रोहूंनी वर येणं थांबवलं. त्या संध्याकाळी काठावर सीताबाईने दिलेला गुळाचा काळा चहा अजून जिभेवर आहे.

पुढच्या पावसाळ्यात कुंभी पुन्हा उगवली. चिखलात बिया होत्याच. गाव पुन्हा उतरलं, आणि मग दरवर्षी.

माझ्या रिपोर्टात 'तळं साफ झालं' असं मी कधी लिहिलं नाही. लिहायचो, 'यंदा साफ केलं.'