मेडिकलचा क्लास, सायकलच्या दुकानात

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वाडीतला पाचोळा जसा जमतो, तसे ते जमतात. एक कोपरा झाडून घ्यावा तर मागे दुसरा पडलेलाच! माझं बोईसर स्टेशनाजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हवा फुकट, गप्पा फुकट. त्यामुळे पाचोळा जरा जास्तच.

तेव्हा तारापूरच्या अणुभट्टीचं बांधकाम जोरात होतं आणि ज्याला त्याला पोरं डॉक्टर-इंजिनियर करायची घाई झाली होती. माझं शिक्षण विचाराल, तर सातवीला दोनदा बसलो आणि उठलो तो थेट पंक्चर काढायला. तरीही मेडिकलचा क्लास मीच काढला. थांबा, सांगतो.

*

घिवलीचे अण्णा, म्हणजे चिकूच्या वाडीचे मालक. त्यांची नलू मामाकडे राहून मुंबईला इंटर सायन्स करत होती. इंटरला मार्क पडले तर मेडिकल, नाहीतर राम राम. फेब्रुवारीत कॉलेज संपलं, परीक्षा एप्रिलमध्ये. मधले दिवस दादरच्या रिव्हिजन क्लासला जायचं, की घरी बसून अभ्यास करायचा? हा प्रश्न अण्णांनी माझ्या दुकानातल्या बाकावर मांडला.

टांगेवाला म्हणाला, "क्लासलाच धाडा अण्णा. मी हाय ना रोज स्टेशनवर सोडायला!"

रिटायर झालेले तात्या मास्तर भडकले. "क्लास म्हणजे कुबड्या! ज्याला अक्कल आहे तो घरी बसून अभ्यास करतो. मी चाळीस वर्षं हेच सांगत आलोय!"

"खरं आहे तात्या," मी म्हटलं. "पण तुमचा धाकटाही यंदा इंटरलाच ना? दिसला नाही कुठे."

तात्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"दादरला आहे," ते म्हणाले. "क्लासला."

*

झालं! अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलं की क्लासशिवाय मेडिकल नाही. पण मामी बाळंतपणाला गेलेली, पोरीला दादरला ठेवायचं कुणाकडे? अण्णांनी निकाल दिला, "क्लास नाय, तर परीक्षा पन नाय. केळव्याचं स्थळ आलंय, त्यास्नी होय म्हनतो."

दुसऱ्या दिवशी नलू सायकल हातात धरून दुकानात हजर. चाकात हवा टम्म भरलेली!

"वामनकाका, मला क्लास नकोच हाय. माझा मी अभ्यास करीन. फक्त जागा पायजे. घरी पुस्तक उघडलं का आई त्यावर नवऱ्यामुलाचा फोटो ठेवते."

"कसा आहे?"

"फोटोत बरा हाय. पन पुस्तकाचं पान झाकतो."

माझ्या दुकानाला माळा होता. मी जुना पत्रा उलटा केला, रंगवला आणि दारावर ठोकला: 'वामन मेडिकल रिव्हिजन क्लास. खुद्द प्रोफेसर व्ही. व्ही. शिकवतील.'

अण्णांनी बोर्ड वाचला. "व्ही. व्ही. म्हंजे कोन रे?"

"फार मोठा माणूस. कमी बोलतो."

"मंग चांगला असंल," अण्णा म्हणाले आणि केळव्याच्या लोकांना निकालापर्यंत थांबायला सांगितलं.

*

बोर्ड अण्णांपुरता होता, पण वाचता सगळ्यांनाच येत होतं! आठवड्यात पालघरची दोन मुलं आली. मुरब्याचा जगन आला. बाप मासेमारीला, पोरगा इंटरला. "परपेसर कदी येनार?" म्हणून बसून राहिला. उठेचना.

शेवटी नलूच त्याला म्हणाली, "ते येईपर्यंत मी रक्ताभिसरण सांगते." आणि सायकलची ट्यूब घेऊन, पंप मारून, तिने हृदय समजावलं.

तासाभराने जगन खाली आला. "वामनकाका, ही असिस्टंट जर अशी, तर परपेसर केवढे असतील!"

*

बोर्डावर 'मेडिकल' वाचून भट्टीच्या बांधकामावरचे मजूरही यायला लागले. एकाने फुटलेला अंगठा पुढे केला. "डॉक्टर साहब हैं क्या?"

मी ओरडलो, "नलू, पेशंट!"

तिने जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं आणि "अभी सरकारी दवाखाने जाओ" म्हणून ठणकावलं. मजूर जाताना मला म्हणाला, "बहुत बड़ी डॉक्टर है. डाँटती है!"

*

इंटरला मुशी कापावी लागते. शार्कच्या जातीचा मासा. तो चिरून डोक्यातल्या नसा धाग्यासारख्या मोकळ्या करून दाखवायच्या. जगनने मुरब्याहून ताजी मुशी आणली. लाकडी खोक्याच्या फळीवर सायकलचे स्पोक ठोकून ती पसरली. नलू आणि जगन सकाळभर वाकून बसले होते. एकही नस तुटली नाही. हात धुवून चहाला गेले.

परत येतात तर फळी कोरी!

आमची मंडळी आतून म्हणाली, "अगं बाई, किती निगुतीने साफ करून ठेवली होतीत! मी म्हटलं, आता वेळ कशाला घालवायचा? कालवण टाकलं."

जगन रडकुंडीला आला. "आता नसा कशा आठवायच्या?"

"जेव आधी," मी म्हटलं. "एकेक नस काट्यावरून मोजून घे. परीक्षेत मुशी आली तर लिही, आंबट जरा जास्त झाली होती!"

*

मार्चमध्ये अण्णा तपासणीला यायला निघाले. आता आली पंचाईत! शेजारच्या शिंप्याकडे एक काळा कोट कधीपासून पडून होता. कुणीतरी दुरुस्तीला दिला आणि न्यायला आलाच नाही. तो मी माळ्याच्या जिन्यापाशी खुंटीला लावला, शेजारी छत्री.

अण्णा चिकूंची करंडी घेऊन आले. "परपेसर?"

"आत आहेत. कोट नाही का दिसत?"

अण्णा कोटापाशी गेले. कापड चिमटीत धरून पाहिलं. बाही हाताला लावली.

"कापड झ्याक हाय," म्हणाले. "पन परपेसरांना बाह्या आखूड होत असतील."

मग कोटाला नमस्कार करून, करंडी खाली ठेवून निघून गेले. पुढे दर बुधवारी चिकू येत राहिले. प्रोफेसरांना चिकू फार आवडायचे. माझं वजन वाढलं!

*

निकाल लागला. नलूला मुंबईत मेडिकलला प्रवेश मिळाला. जगनलाही मिळाला. केळव्याच्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं. तात्यांचा धाकटा बी.एस्सी.ला गेला. त्याबद्दल मी तात्यांना काही विचारलं नाही. फक्त चष्मा पुसायला फडकं दिलं.

आणि ऑगस्टमध्ये एक दिवस टेरिलीनचा शर्ट घातलेले गृहस्थ दुकानासमोर उभे राहिले. दादरच्या एका क्लासचे मालक. एका माळ्यावरून दोघं मेडिकलला गेली, हे त्यांच्या कानावर आलं होतं. आमच्या प्रोफेसरांना ते दादरला न्यायला आले होते!

मी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होतो. बाकावर अण्णा चिकू सोलत बसले होते.

"प्रोफेसर व्ही. व्ही. इथेच असतात ना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "परपेसरबाई ना? त्या मेडिकलला शिकायला गेल्या. दिवाळीत या, घिवलीला भेटतील."

माझ्या हातून ट्यूब सुटली.

अण्णांनी हात पुसले. शांतपणे खुंटीवरचा कोट काढला, झटकला आणि अंगात घातला.

"वामन्या," ते म्हणाले, "त्या शिंप्याला सांग. माज्या लग्नापासून सांगतोय, बाह्या आखूड हायत!"