साखळीवरचा कुरव

आखातातल्या मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमधला आमचा आयरिश फोरमन शिवी दिल्याशिवाय बोलत नसे. पण क्रेनच्या साखळीवर समुद्रावरचा पांढरा कुरव पक्षी येऊन बसला, की टोपी काढून म्हणे, "खलास, काम बंद." तो उडेपर्यंत आम्ही सगळे उन्हात उभे.

एकदा वैतागून मी कारण विचारलं.

"आमच्या गावात म्हणतात, बुडालेल्यांचे आत्मे यांच्यात राहतात. माझा भाऊ सापडलाच नाही."

रत्नागिरीला माझे बाबाही होडीसकट गेले होते. त्यांच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कुरव आला, तेव्हा फोरमनच्या आधी मीच काम थांबवलं. डब्यातल्या भाताचा गोळा धक्क्यावर ठेवला. फोरमन टोपी काढून शेजारी उभा राहिला, आणि आम्ही दोघं वाट पाहू लागलो.