वारानंतरचा नमस्कार

रविवारी व्हिडिओ कॉलवर चष्मा उचलायला वाकले, पदर सरकला आणि गळ्याच्या हाडाखालचा निळा डाग तुमच्या बाबांना दिसला. मी पडले नव्हते. कपाटाचं दारही लागलं नव्हतं. तलवारीचं टोक लागलं होतं, आणि ते लागावं म्हणून मी बरीच खटपट केली होती. "आई, हे आता बंद," असं म्हणून त्यांनी मला समजावायचं काम तुम्हा दोघा नातवंडांवर सोपवलं. तुमचे मेसेज ऐकले. त्यांचं उत्तर लिहिते आहे, शेवटपर्यंत वाचा.

घरामागच्या हॉलमध्ये तलवारबाजीचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी तिथे तक्रार करायला गेले होते. ऐन दुपारी फळ्यांवर पाय आपटल्याचा आवाज यायचा, डोळा लागायचा नाही. गेले आणि दारातच उभी राहिले. समोरासमोर दोघंजण. एकाने वार करायचा, दुसऱ्याने तो पात्याने बाजूला सारून उलट वार करायचा, मग पहिल्याने तो अडवायचा. आरडाओरडा नाही. टोक लागलं की दिवा पेटवून सांगणारं यंत्रही नाही. सर जुन्या पद्धतीचे, टेंभुर्णीकडचे. त्यांचा नियम असा, की ज्याला टोक लागलं त्यानेच डावा हात वर करून कबूल करायचं. असं आपणहून कबूल करणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिली नव्हती. तक्रार तशीच राहिली आणि मी प्रवेश घेतला.

नवी पेठेतल्या शिंप्याकडे जाड पांढरं जॅकेट शिवायला टाकलं. "किसके वास्ते, अम्मा? पोते के?" त्याने विचारलं. "माझ्यासाठी," म्हटल्यावर त्याने मला एकदा खालून वर पाहिलं आणि टेप काढली.

सरांनी मला जोडीला एक कॉलेजातली मुलगी दिली. घरी तेलुगू बोलणारी, विणकरांच्या घरातली. तिचे पाय चपळ पण हात उतावळा. माझा हात स्थिर पण पाय मंद. एकमेकींकडून शिकाल, असा त्यांचा हिशोब. पण तिच्या तलवारीचं टोक मला लागलं रे लागलं, की ती पातं खाली करायची, बोटांनी माझ्या जॅकेटला शिवायची आणि ती बोटं कपाळाला लावायची. वडीलधाऱ्या माणसाला चुकून पाय लागला की आपण करतो ना, अगदी तस्सं.

पंढरपूरला स्पर्धा होती. तिथे हिचं टोक समोरचीच्या जॅकेटवरून घसरलं, वार धरला गेला नाही. हिला वाटलं लागलाच. सवयीने पातं खाली गेलं, बोटं पुढे झाली, आणि समोरचीने तिला टिपलं. हरून आली.

सरांनी मला बाजूला बोलावलं. "आजी, पोरगी लई चांगली हाय. पन तुमच्याम्होरं नमस्कार करती आन तितं मार खाती. तुमी आता खुर्चीत बसा. बघा की निवांत."

"खुर्चीत बसून बघायला मी काय लग्नाला आले आहे? पंधरा दिवस द्या. तिची सवय मी मोडते."

"न्हाय मोडली तर?"

"तर खुर्ची मीच घरून आणीन."

"लई हट्टी हाय तुमी."

"व्हय," मी म्हटलं. सर हसले, पण मुदत पंधरा दिवसांचीच राहिली.

आधी तिला नीट सांगून पाहिलं. "हो आजी," म्हणाली आणि पुढच्याच वाराला बोटं कपाळाला. "पाप लागतं ओ, आजी!" मी रागावले तर भलतंच झालं. ती टोक जॅकेटपासून वीतभर अलीकडेच थांबवू लागली. नमस्कार परवडला, हे नाही. जो वार पोचणारच नाही तो मी अडवायचा कशाला?

जोडीच्या सरावात एकाने पातं खाली केलं की दुसऱ्याने थांबायचं, अशी रीत आहे. मी थांबणं सोडलं. ती नमस्काराला वाकली की माझं टोक तिच्या बरगडीवर. नियमाप्रमाणे तिला डावा हात वर करावा लागे. पुन्हा वाकली, पुन्हा टिपली. बाकीची पोरं ओरडायची, "आजीनं परत टिपलं!"

"आजी, हे चीटिंग आहे!" शेवटी ती चिडली. "मी तुमच्या पाया पडत होते!"

"घरी येऊन पड. संक्रांतीला ये, तिळगूळ देते. इथे तलवार वर ठेव."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. नुसती यायची, मास्क चढवायची आणि उभी राहायची. मुदत संपत आली तसा मी मनात खुर्चीचा विचारही करून ठेवला होता. प्लास्टिकची नेणार नव्हते.

शनिवारी तिने माझ्या पात्याखालून आपलं पातं फिरवलं आणि पूर्ण हात लांबवून मारलं. टोक हाडाखाली रुतलं, पातं कमानीसारखं वाकलं, माझा श्वास अडकला. मास्कच्या जाळीतून तिचे डोळे मोठे झालेले दिसले. तिचं पातं खाली येऊ लागलं. मी तेवढ्यात वार केला. पातं अर्ध्यातून वर आलं, माझा वार बाजूला सारला गेला आणि तिचं टोक दुसऱ्यांदा मला लागलं.

मी डावा हात वर केला. एवढ्या आनंदाने तो मी कधीच केला नव्हता.

सर लांबून म्हणाले, "आजी, सोमवारी टायमाला या. खुर्ची न्हाय ठिवत."

डॉक्टरांना दाखवलं आहे. हाड शाबूत आहे, डाग आता पिवळा पडतो आहे. तुमचे बाबा मला जपायचं म्हणतात. जपणं म्हणजे टोक वीतभर अलीकडे थांबवणं असेल, तर ते मी त्या मुलीकडून घेतलं नाही, तुमच्याकडूनही घेणार नाही. येत्या रविवारी कॉल जरा उशिरा करा. तिची पुढची स्पर्धा जवळ आली आहे, सराव जादा ठेवला आहे, आणि जोडीला मी आहे.