माफ किया
शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने मला निजामपुऱ्यातला लूमचा कारखाना आठवतो. मी नववीत होते. लूममध्ये पप्पांची दोन बोटं गेली होती आणि सेठने सगळ्यांना सांगितलं होतं की हा पिऊन ड्युटीवर आला होता. पप्पा दारूला कधी शिवलेसुद्धा नव्हते. चर्चमधले फादर म्हणाले, "तो माफी मागेल याची वाट पाहू नका. तुम्हीच जाऊन सांगा, माफ केलं म्हणून." पप्पांनी सोबत मला नेलं. रिक्षात विचारलं, "सेठला हे हिंदीत कसं बोलायचं गं?" मी म्हटलं, "आपको माफ किया, एवढंच बोला." ते वाटभर तेच पुटपुटत राहिले. कारखान्यात खडखडाट होता, हवेत कापसाचे तंतू उडत होते. सेठ मोबाइलमध्ये बघत होता. पप्पांनी पट्टी बांधलेला हात पाठीमागे घेतला, मान खाली घातली आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "सेठ, माफ करना." सेठने वरही पाहिलं नाही. "चल, माफ किया. अगली बार पीके मत आना." आसपासचे हसले. चूक सुधारायला एक वाक्य पुरलं असतं आणि ते मला येत होतं, पण मी ओढणीचं टोक पिळत उभी राहिले. घरी आईने विचारलं, "झालं का?" पप्पा म्हणाले, "झालं." आजही चर्चच्या प्रार्थनेत 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ही ओळ आली की मी ओठ मिटून घेते. पप्पा शेजारी उभे असतात, आणि ती ओळ ते सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणतात.