पाहुण्यांची खोली

काही आठवड्यांपूर्वी दिघीच्या धक्क्यावर होडीत पाय ठेवला, तेव्हा माझ्या हातात एक नवं मडकं होतं. जुन्याला तडा गेला म्हणून नानानंच ते माणगावच्या बाजारातून आणायला सांगितलं होतं. होडीवाला पांडू मडक्याकडे बघतच राहिला. "नानांकडं चाललाव व्हय, मास्तर? म्हंजे कळलं तुमाला..." काय कळायचं होतं ते होडी आगरदांड्याला लागेपर्यंत त्यानंच सांगितलं. नाना आदल्या दिवशी सकाळी गेला होता, झोपेतच. होडीतल्या लोकांना वाटलं, मडकं क्रियाकर्मासाठी असेल. ते माशांसाठी आहे, हे त्या वेळी कुणाला सांगणार?

नाना आणि मी मुरुडच्या शाळेत बरोबर होतो. तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. "तुझा विषय मुलं आईच्या कडेवरच शिकून येतात, तू नुसता पगार घेतोस," असं तो मला चिडवायचा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मुंबईच्या एका मत्स्यालयाला रंगीत समुद्री मासे हवे होते, ते पुरवायचं काम नानानं हौसेनं अंगावर घेतलं. कोळी खडकांतल्या डबक्यांतून मासे आणून देत. पण नवा मासा एकदम इतरांत सोडता येत नाही. अंगावर पांढरे ठिपके घेऊन आला असेल तर सगळ्यांना लागण होते. म्हणून त्याला आधी काही आठवडे वेगळं ठेवायचं. त्यासाठी नानाच्या पडवीत काचेची एक लहान टाकी होती. नाना तिला पाहुण्यांची खोली म्हणायचा.

आणि तिथंच सगळा घोळ झाला. त्या घरातून कुणी न जेवता परतलेलं मी पाहिलेलं नाही. मी पुस्तक परत द्यायला जायचो आणि संध्याकाळचं जेवूनच निघायचो. माशांनाही तोच न्याय. सकाळी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, दुपारी जवळा, शेजारीपाजारी आले की कौतुकानं त्यांच्या हातचाही जवळा. पाणी दिसायला अगदी नितळ, पण मासे वर येऊन तोंडं वासायचे आणि सकाळी तळाला पडलेले असायचे. मग नाना सगळं पाणी उपसून टाकायचा, त्याची बायको सुमतीवहिनी टाकीतल्या शिंपल्या राखेनं घासून लख्ख करायच्या, आणि नव्या पाण्यात नव्या पाहुण्यांच्या पंगती सुरू व्हायच्या. तेही मरायचे. शेवटी मत्स्यालयाचा निरोप आला, पुढची खेप जगली नाही तर काम बंद. "काम गेलं तर गेलं रे," नाना मला म्हणाला, "पण माझ्या घरी येतात आणि मरतात..." त्या दिवशी तो भरल्या ताटावरून उठला.

उलगडा त्याच्याच विषयात होता. माशांची घाण आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. गोठ्यात नाकाला झोंबतो तोच, पण टाकीत तो दिसत नाही, आणि वास येईपर्यंत मासा गेलेला असतो. नानानं टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन त्यात प्रयोगशाळेतल्या, अमोनिया ओळखणाऱ्या औषधाचे थेंब टाकले, तेव्हा ते नितळ पाणी पिवळं झालं. बाटली त्यानं उजेडात धरली. "खाऊ घालून मारलं मी यांना," म्हणाला. शिंपल्यांवर जो बुळबुळीत थर धरतो, त्यातले जंतूच हा अमोनिया संपवतात, हेही त्यानं वाचून काढलं. वहिनी नेमका तोच घासून टाकत होत्या. मग त्यानं पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखं एक मडकं भोक पाडून टाकीवर टांगलं. त्यात न धुतलेल्या शिंपल्या ठेवायच्या, टाकीतलं पाणी तांब्यानं वर ओतायचं, ते थेंब थेंब खाली पडायचं. रोज पाणी बदलायचं ते अर्धंच. खाणं चिमूटभर, आणि पाणी पिवळं दाखवलं तर उपास. नानाला हे फार जड गेलं. जेवताना तो टाकीकडे पाठ करून बसायला लागला. मी त्याला हसायचो, आणि तेव्हाच तो मला सगळ्यात जास्त आवडायचा. ती खेप जगली, रेवसहून लाँचनं मुंबईला गेली. पुढेही कितीतरी गेल्या, अगदी आतापर्यंत.

मी मडकं घेऊन घरी पोचलो, तेव्हा पडवी माणसांनी भरली होती. माणूस गेलं की घरात भरलेलं पाणी ओतून टाकतात आमच्याकडे. आदल्या दिवशी शेजारणींनी हंडे, कळश्या, माठ सगळं रिकामं केलं आणि त्या टाकीपाशी आल्या. तोवर वहिनी कोपऱ्यात बसून होत्या. त्या उठल्या आणि टाकीला हात लावून उभ्या राहिल्या. "अर्धंच ओता," म्हणाल्या, "आणि भरती आहे तोवर खाडीचं पाणी आणा कुणीतरी." हे मला शेजारणीनं हळू आवाजात सांगितलं. काचेमागे मासे शांतपणे फिरत होते. मला तिथंच रडू आलं.

वहिनींनी माझ्या हातून मडकं घेतलं, तळाला भोक पाडलं, आणि जुन्या मडक्यातल्या शिंपल्या न धुता एकेक करून त्यात ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांना आज खायला नको. तुम्ही मात्र जेवून जा, भावजी. शेजारून पिठलंभात आलाय."

मी जेवलो. टाकीकडे पाठ करून.